अंध विद्यार्थ्याची वही

लेखणी आणि वही हीं विद्यार्थ्याचीं दोन आयुधें होत. गुरुजींनीं विषय कितीही सुबोध करून सांगितला, तरी तो टिपून घेतल्यावांचून परीक्षेच्या वेळीं हाताशीं राहत नाहीं, हा आपणां सर्वांचा अनुभव आहे. परंतु ज्यास दृष्टि नाहीं त्यानें टिपण कसें करावें? दुसऱ्याकडून लिहवून घेतलें, तर तें वाचून दाखविण्यासही दुसराच लागतो. आणि ज्यास आपलें टिपण आपण वाचतां येत नाहीं, त्याचें शिक्षण परस्वाधीन राहतें. ही अडचण दूर करण्यासाठीं जीं हातांत बाळगण्याजोगीं यंत्रें निघालीं, त्यांची रचना कशी असावी असें अंध लोकांस वाटतें व तें कां, हें येथें सांगावयाचें आहे.

अंधांच्या लिपीचा जनक लुई ब्रेल हा फ्रान्स देशांतील कूव्रे गांवीं १८०९ सालीं जन्मला. तीन वर्षांचा असतांना बापाच्या कारखान्यांत कातड्यास भोंकें पाडण्याच्या आरीशीं खेळतांना त्याच्या डोळ्यास इजा झाली व पुढें दोन्ही डोळे गेले. त्याच मुलानें १८२४ सालीं, वयाच्या पंधराव्या वर्षीं, सहा टिंबांची लिपि सिद्ध केली. एका घरांत तीन टिंबें डावीकडे, तीन उजवीकडे. कांहीं उठवावयाचीं, कांहीं सपाट ठेवावयाचीं. एवढ्यावर ६३ निरनिराळ्या खुणा होतात. भारतीय भाषांसाठीं भारती ब्रेल ही एकच पद्धति १९५१ सालीं ठरली, म्हणून मराठी ‘क’ आणि हिंदी ‘क’ बोटास सारखाच लागतो. महाराष्ट्रांतील अंधांच्या आरंभींच्या शाळांपैकीं एक मिस अ‍ॅना मिलर्ड या अमेरिकन मिशनरी बाईंनीं १९०० सालीं मुंबईंत काढली. पुढें ती दादरची अंधशाळा म्हणून प्रसिद्धीस आली.

ही लिपि लिहिण्याचें जुनें साधन म्हणजे ब्रेलची पाटी व टोचणी. पाटींत जाड कागद अडकवून एक एक टिंब टोचीत जावें लागतें. टिंब कागदाच्या मागल्या बाजूस उठतें. म्हणून लिहावयाचें उजवीकडून डावीकडे, तेंही उलट्या आकृतीनें, आणि वाचावयाचें कागद पालटून डावीकडून उजवीकडे. साधन स्वस्त व हलकें खरें, पण लिहितां लिहितां मागची ओळ तपासतां येत नाहीं. १९५१ सालीं अमेरिकेंतील पर्किन्स अंधशाळेचें सहा कळांचें यंत्र बाहेर पडलें. त्यांत सबंध अक्षर एका दाबांत सुलटें उठतें व लागलेंच वाचतां येतें. तथापि तें धातूचें यंत्र फार जड, आणि त्याचा खटखटाट वर्गभर ऐकूं येतो.

१९८७ सालीं अमेरिकेंतील डीन ब्लेझी यांच्या कंपनीनें ‘ब्रेल-एन-स्पीक’ नांवाचें लहानसें यंत्र विक्रीस आणलें. त्यास पडदा नव्हता. सहा कळा, अंतर सोडण्याची एक कळ, आणि लिहिलेलें वाचून दाखविणारा आवाज, एवढेंच त्याचें साहित्य. दुसऱ्या जातीच्या यंत्रांत आवाजाऐवजीं, किंवा आवाजाबरोबरच, बारीक खुंट्यांची एक ओळ असते. विजेच्या योगानें खुंट्या वरखालीं होतात व बोटाखालीं ब्रेल उमटतें. एक ओळ वाचून झाली कीं त्याच जागीं पुढील येते. या खुंट्यांमुळेंच यंत्र महाग होतें. दिल्लीच्या आय. आय. टी. नें २०१९ सालीं पुढें आणलेलें ‘डॉटबुक’ याच जातीचें असून तें ४० घरांचें व २० घरांचें अशा दोन प्रकारचें आहे.

आतां आवडीनिवडीकडे वळूं. पहिला प्रश्न कळांचा. टंकलेखनाच्या यंत्रावर प्रत्येक अक्षरास निराळी कळ, त्यामुळें बोटांस सारखें फिरावें लागतें. सहा कळांवर बोटें आपली जागा सोडीत नाहींत. डाव्या हाताची तर्जनी, मधलें बोट व अनामिका यांकडे पहिलें, दुसरें व तिसरें टिंब. उजव्या हाताच्या त्याच बोटांकडे चौथें, पांचवें व सहावें. डावी तर्जनी व अनामिका एकदम दाबली कीं ‘क’ झाला. मागोमाग डावें मधलें बोट व उजवी तर्जनी दाबली कीं ‘कि’ झाला. ज्यांच्या अंगीं ब्रेल लहानपणापासून मुरलें आहे ते बहुधा सहा कळाच मागतात. ज्यांची दृष्टि मोठेपणीं गेली व ज्यांस टंकलेखन अगोदर येत होतें, त्यांस टंकयंत्राच्या कळा सोयीच्या वाटतात. दोघांचेंही म्हणणें रास्त आहे, कारण कळ ही बोटाच्या संवयीस धरून असावी.

दुसरा प्रश्न, आवाज कीं स्पर्श? आवाज स्वस्त पडतो, आणि पानेंच्या पानें भराभर ऐकतां येतात. परंतु ‘दिन’ आणि ‘दीन’ यांतील भेद नुसत्या कानानें कोणास कळेल? बोटास मात्र तो तत्काळ कळतो: ऱ्हस्व इकाराचीं टिंबें दुसरें व चौथें, दीर्घ ईकाराचीं तिसरें व पांचवें, जणूं तीच आकृति एक पायरी खालीं उतरली. जो मुलगा केवळ ऐकूनच शिकतो, त्याचें शुद्धलेखन कच्चें राहण्याची भीति असते. शिवाय वर्गांत कान गुरुजींकडे हवा. यंत्र बोटाशीं बोललें, तर कान मोकळा राहतो.

तिसरा प्रश्न गुळगुळीत कांचेचा. आयफोनवर २०१४ पासून व अँड्रॉइड फोनवर २०२० पासून कांचेवरच सहा बोटांनीं ब्रेल लिहिण्याची सोय झाली आहे. फोन घरांत असतोच, म्हणून ही सोय मोलाची खरी. पण कांचेस उंचवटा नसल्यामुळें बोट जागेवर आहे कीं सरकलें, हें त्यास कळत नाहीं. म्हणून लांब टिपणासाठीं पुष्कळांस उठावाच्या कळाच बऱ्या वाटतात. तसेंच एका कळेचें काम सर्वत्र एकच असावें, आणि यंत्र उघडतांच काल जेथें थांबलों तेंच स्थळ हातीं यावें, अशीही त्यांची अपेक्षा असते.

धाराशिव जिल्ह्यांतील पालकांनीं आणखी दोन गोष्टी पाहाव्या. वीज गेली तरी यंत्र शाळेचा सबंध दिवस चालेल काय? आणि धुळीनें खुंट्या अडल्या तर तें नीट कोठें होईल? भूम-परंड्याच्या मुलाचें यंत्र दुरुस्तीसाठीं पुण्या-मुंबईस गेलें, तर त्याची वहीच परगांवीं गेली असें होतें.

यंत्र घेतांना डोळस माणूस त्याचें रूप पाहतो व गुणांची यादी ऐकतो. पण तें वापरणार दुसरेच हात. म्हणून तें प्रथम मुलाच्या हातीं द्यावें. त्यास एक पान लिहूं द्यावें, तें वाचूं द्यावें, आणि त्यांतील मधलीच एखादी ओळ शोधावयास सांगावें. कोणाच्या मदतीवांचून त्यास हें साधलें, तर तें यंत्र साधें असो वा स्वस्त असो, तीच त्याची खरी वही होय.