माहिती चौकट : इन्स्टॉलरविना लिनक्स

खडकवासल्यात भर पावसात वीज गेली, अपडेट अर्धवट राहिलं आणि संगणक सुरूच होईना, तर दुरुस्तीची डिस्क कामाला येते. हल्ली ती बहुधा पेनड्राइव्हच असते. तिच्यावरची लिनक्स मेमरीतून चालते, हार्डडिस्कला आपण सांगितल्याशिवाय हात लावत नाही. म्हणून आधी फोटो, कागदपत्रं दुसरीकडे उतरवून घ्यावीत. मगच फॉरमॅट!

डेबियनच्या घराण्यात (पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकची 'बॉस' लिनक्सही त्यातलीच) नवी प्रणाली हातानं उभी करता येते. 'एलएसबीएलके' ही आज्ञा देऊन डिस्कचं नाव पाहावं. आकारावरून खात्री करा : १६ जीबीचा तो पेनड्राइव्ह, ५०० जीबीची ती आतली डिस्क. इथं गल्लत झाली, की सगळं मुसळ केरात. पुढं विभाग 'ईएक्सटी४'मध्ये फॉरमॅट करून 'एमएनटी' या फोल्डरवर जोडायचा. 'डीबूटस्ट्रॅप' मूळ पॅकेजेस इंटरनेटवरून आणून तिथं मांडतं. 'डेव्ह', 'प्रॉक', 'सिस' हे फोल्डरही तिथं जोडून घेतले, की 'सीएचरूट' करून आत शिरायचं.

नवखे अडकतात ते इथून पुढं. डीबूटस्ट्रॅप कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, आणत नाही, तो वेगळा बसवावा लागतो. रूटचा पासवर्ड आणि 'एफएसटॅब'मधली विभागाची नोंदही आपणच करायची. शेवटी प्रणाली सुरू करून देणारा 'ग्रब'. जुन्या बायॉसवर तो विभागावर नव्हे, अख्ख्या डिस्कवर बसवतात. यूईएफआय यंत्रांसाठी मात्र छोटासा 'फॅट३२' विभाग आधीच राखून ठेवावा.