गोठणाची साक्ष : लशींच्या शीतसाखळीतील वर्णबदली दर्शक

पुणे-अहिल्यानगर मार्गाने शिरूर मागे टाकले की पारनेर तालुक्यातील सुपा हे गाव लागते. प्रदेश पर्जन्यछायेतील, वैशाखातील ऊन अत्यंत कडक. अशा ठिकाणी लशीची कुपी थंडीने बिघडेल, ही शंका सहसा कोणाच्या मनात येत नाही. चिंता असते ती उष्णतेची. म्हणून लसीकरणासाठी वाडीवस्तीवर निघालेली परिचारिका लसवाहक पेटीत बर्फाच्या चार चपट्या पिशव्या घालते. त्या शीतकपाटातून काढताक्षणी भरल्या, तर त्यांचे तापमान उणे २० अंश सेल्सियसच्या आसपास असू शकते. पिशवीला टेकलेली कुपी मग ऐन उन्हाळ्यात, बंद पेटीत गोठते. उन्हाचे भय जितके अधिक, तितका हा धोका अधिक, असा हा विपरीत प्रकार आहे.

सर्व लशींना गोठणे सारखे बाधत नाही. तोंडावाटे देण्याची पोलिओची लस उष्णतेने लवकर निकामी होते, परंतु ती गोठवूनच साठविता येते. याउलट घटसर्प, डांग्या खोकला व धनुर्वात यांवरील त्रिगुणी लस, पंचगुणी लस, ब प्रकारच्या काविळीवरील लस या एकदा गोठल्या की कायमच्या निरुपयोगी होतात. त्या २ ते ८ अंशांच्या दरम्यानच राखणे अगत्याचे असते. या भेदाचे कारण रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यास परिचित अशा एका तत्त्वात सापडते.

दुसऱ्या गटातील या लशींत प्रतिजन हा ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड किंवा ॲल्युमिनियम फॉस्फेट यांच्या सूक्ष्म कणांवर पृष्ठशोषित झालेला असतो. हे कण विद्युत्भारामुळे एकमेकांस दूर सारतात. त्यामुळे कुपी हलविताच ते द्रवात एकसारखे पसरतात. पाणी गोठू लागले म्हणजे बर्फाचे स्फटिक शुद्ध पाण्याचे बनतात. लवणे आणि कण उरलेल्या द्रवाच्या अरुंद पट्ट्यांत ढकलले जातात. तेथे लवणांची संहती वाढते, कणांभोवतीचा विद्युत् द्विस्तर आकुंचन पावतो, आणि वाढत्या बर्फाचा दाब कणांना एकमेकांवर रेटतो. डेरयागिन व लांडाऊ (१९४१) आणि फेरवे व ओव्हरबेक (१९४८) यांच्या सिद्धांताच्या भाषेत सांगावयाचे तर, अपसारणाचा अडथळा ओलांडला जाऊन कण साकळतात. बर्फ वितळल्यावर पाणी पूर्ववत होते. साकळलेले कण मात्र पुन्हा सुटे होत नाहीत.

या हानीचा खरा दोष असा, की ती नजरेस येत नाही. वितळलेली कुपी हलविली की पुन्हा पांढरट दिसते. सुई टोचली जाते, कार्डावर नोंद होते, माता निश्चिंत मनाने घरी परतते. परंतु बालकास अपेक्षित संरक्षण मिळालेले नसते. ही उणीव उघडकीस येते ती रोगाची साथ आल्यावर, आणि तोवर कोणत्या दिवशी कोणती कुपी गोठली होती हे शोधून काढण्याचा मार्ग उरत नाही. भारतात दहा राज्यांत केलेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तापमान-पाहणीत साठवण व वाहतूक या दोन्ही अवस्थांत लशी शून्याखाली गेल्याचे आढळले. प्रश्न केवळ तात्त्विक नाही, हे यावरून दिसून येईल.

यावरील जुना उपाय म्हणजे हलवून पाहण्याची कसोटी. त्याच उत्पादकाची, त्याच गटातील एक कुपी मुद्दाम गोठवून वितळवितात. ती व संशयित कुपी एकत्र हलवून शेजारी ठेवतात आणि साका बसण्याचा वेग सुमारे अर्धा तास पाहतात. संशयित कुपीतील साका गोठविलेल्या कुपीइतक्याच वेगाने बसला तर ती टाकून द्यावयाची. कसोटी विश्वसनीय आहे. पण तिला वेळ लागतो, एक कुपी खर्ची पडते, आणि मुळात संशय यावा लागतो. तापमापीही येथे अपुरी ठरते, कारण साधी तापमापी वर्तमान सांगते, भूतकाळ नव्हे. १९९६ पासून प्रथम पोलिओच्या लशीवर आलेले कुपीवरील उष्णतादर्शक चिन्ह भूतकाळ सांगते, परंतु केवळ उष्णतेचा. रात्री गोठून पहाटे वितळलेल्या कुपीवरही ते निर्दोषच दिसेल.

म्हणून ज्याला गोठण्याची स्मृती राहील असा दर्शक हवा. त्याचे दोन प्रकार विशेष उल्लेखनीय आहेत. पहिल्यात रंगीत द्रवाने भरलेली नाजूक कुपिका शोषक कागदावर बसविलेली असते. गोठताना पाण्याचे आकारमान सुमारे ९ टक्के वाढते, कुपिका तडकते, आणि वितळताना रंग कागदावर पसरतो. हा झाला यांत्रिक मार्ग. दुसरा प्रकार अधिक मार्मिक आहे, कारण त्यात दर्शकही कलिल असतो. फॅराडेने १८५७ मध्ये दाखवून दिले, की माणकासारखे लाल दिसणारे सोन्याचे कलिल लवण घालताच निळे होते. सुटे सुवर्णकण सुमारे ५२० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश शोषतात; ते एकत्र आले की शोषण अधिक तरंगलांबीकडे सरकते. लवणाचे हे काम गोठणेही करते. म्हणजे लशीत जी घटना अदृश्यपणे घडते, तीच दर्शकात रंगाच्या रूपाने प्रकट होते, आणि तितकीच अपरिवर्तनीय असते.

तथापि येथे एक मूलभूत अडचण उभी राहते. पाणी शून्य अंशास वितळते खरे, पण त्याच अंशास ते गोठेलच असे नाही. बर्फाचे पहिले बीज निर्माण होणे हा संभाव्यतेचा प्रश्न आहे, आणि ही संभाव्यता द्रवाच्या आकारमानाबरोबर वाढते. दर्शकातील थेंब लहान, म्हणून त्याचे अतिशीतन कुपीतील लशीपेक्षा अधिक खोलवर जाण्याचा संभव. अशा स्थितीत लस गोठलेली आणि दर्शक मात्र लालच, असा घातक विसंवाद उद्भवेल. तो टाळण्यासाठी द्रवात बर्फबीज घालतात. कृत्रिम पावसाच्या प्रयोगांमुळे परिचित असलेले सिल्व्हर आयोडाइड सुमारे उणे ४ अंशांच्या खाली प्रभावी ठरते. स्यूडोमोनस सिरिंगी या जीवाणूचे प्रथिन उणे २ अंशांच्या आसपासच बर्फ सुरू करू शकते. आणखी एक युक्ती जड पाण्याची. त्याचा गोठणबिंदू ३·८ अंश असल्याने योग्य मिश्रणाने दर्शकाचा गोठणबिंदू वर उचलता येतो, आणि काही अतिशीतन झाले तरी दर्शक शून्याच्या जवळपास गोठतो. परंतु हा बिंदू फार वर नेला, तर निर्दोष लशीही दोषी ठरून फेकल्या जातील. एका बाजूस असंरक्षित बालक, दुसऱ्या बाजूस दुर्मिळ लशीची नासाडी. या दोहोंमध्ये सीमा कोठे आखावी हा दर्शकाच्या रचनेतील कळीचा प्रश्न होय.

दर्शकाचे स्थानही तितकेच महत्त्वाचे आहे. पेटीत बर्फाजवळ आणि मध्यभागी तापमान भिन्न असते. मध्यभागी ठेवलेला दर्शक कडेच्या कुपीविषयी ग्वाही देऊ शकत नाही. रंग बदलला तर हलवून पाहण्याची कसोटी घ्यावी. न बदलला तर तेवढ्यावरून सर्व कुप्या सुरक्षित मानू नयेत. २०१५ पासून ई-विन योजनेखाली शीतसाखळी केंद्रांतील तापमानाची इलेक्ट्रॉनिक नोंद होऊ लागली, तरी केंद्रापासून वस्तीपर्यंतचा अखेरचा टप्पा लसवाहक पेटीतूनच पार पडतो. त्या टप्प्यावर सर्वांत स्वस्त उपाय रसायनाचा नसून सवयीचा आहे : बर्फाची पिशवी बाहेर ठेवून, हलविल्यावर आत पाणी खळखळेपर्यंत थांबावे आणि मगच ती पेटीत भरावी. बर्फ व पाणी एकत्र असेतो तापमान शून्यावर स्थिरावते, आणि लस शून्याच्या किंचित खाली गोठत असल्याने तेवढी थंडी तिला बाधत नाही.

या विषयात आपल्या विद्यार्थ्यांस करण्यासारखे पुष्कळ आहे. सायट्रेट पद्धतीने केलेले सुवर्णकलिल परीक्षानळ्यांत भरून, काहींत जिलेटीनचे वाढते प्रमाण घालून, ते गोठवावे व वितळल्यावर वर्णपटमापीने शोषण मोजावे. संरक्षक कलिलाच्या किती प्रमाणास रंग टिकतो हे त्यातून कळेल. नळीतील द्रवाचे आकारमान बदलत नेल्यास गोठण्याचे तापमान कसे बदलते, हेही तपासता येईल. सुप्यासारख्या गावातील उपकेंद्रात उपयोगी पडणारा दर्शक किती भरवशाचा आहे, याचा निर्णय अखेर अशाच साध्या मोजमापांवर अवलंबून असतो.