नोंदीनुसार पालटणारे रूप

मूळ तत्त्व : मजकूर आणि त्याचे बाह्य रूप ही परस्परांपासून विभक्त असावीत, या विचाराने हाकोन व्हियम ली यांनी ऑक्टोबर १९९४ मध्ये ‘सीएसएस’ या शैलीभाषेचा प्रस्ताव मांडला आणि डिसेंबर १९९६ मध्ये तिची पहिली आवृत्ती अधिकृतपणे मान्य झाली.

कार्यपद्धती : दफ्तरातील नोंदवहीत ज्याप्रमाणे प्रत्येक बाबीस स्वतंत्र रकाना असतो, त्याप्रमाणे वेबफ्लोसारख्या संकेतस्थळ-निर्मितीच्या साधनात प्रत्येक नोंदीस शीर्षक, चित्र व तारीख यांच्या जोडीने रंगाचाही रकाना ठेवता येतो, आणि पानाचा आराखडा एकदाच सिद्ध करून त्याची पार्श्वभूमी त्या रकान्याशी जोडली, की शंभर नोंदींची शंभर पाने, आराखड्यास पुन्हा हात न लावता, आपापला वर्ण धारण करतात.

सशर्त दर्शन : ‘प्रवेश सुरू आहे’ हा रकाना होकारार्थी असेल तरच अर्जाची कळ दिसावी, अथवा चित्र नसल्यास त्याची रिकामी चौकट दृष्टीआड व्हावी, अशी तजवीजही याच रीतीने करता येते.

दक्षता : रंगाची निवड नोंद भरणाऱ्याच्या हाती सोपविली, म्हणजे सुवाच्यतेची जबाबदारीही त्याच्याकडे जाते, म्हणून वेब-सुलभतेच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार सामान्य अक्षरे व पार्श्वभूमी यांतील तीव्रतेचे प्रमाण किमान ४.५ : १, आणि मोठ्या अक्षरांसाठी ३ : १ राखावे, हे कधीही विसरू नये, कारण ज्याची दृष्टी मंदावली आहे, अशा वाचकाचाही त्या पानावर तितकाच हक्क आहे.