३०० डॉलरची बाबागाडी सीमा ओलांडून ६३८ डॉलरला कशी पडते?

टोरोंटोच्या आसपास राहणाऱ्या आपल्या मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक प्रश्न ठरलेला असतो. कुणाकडे तरी पाळणा हलणार असतो, आणि तो किंवा ती दोन स्क्रीनशॉट टाकते. एकात अमेरिकन साइटवर बाबागाडी ३०० डॉलरला, दुसऱ्यात तीच गाडी, तोच रंग, कॅनडातल्या दुकानात ५४९ डॉलरला. खाली लिहिलेलं असतं, "अमेरिकेतून मागवू का?"

आमच्याकडेही पहिलं बाळ येणार आहे, त्यामुळे यावेळी हा प्रश्न घरचाच होता. मी पेशाने सॉफ्टवेअर इंजिनिअर, म्हणून सवयीप्रमाणे आधी एक्सेल शीट उघडली. आणखी एक कारण होतं. बाळंतपणाच्या रजेत एम्प्लॉयमेंट इन्शुरन्सकडून नेहमीच्या योजनेत पगाराच्या ५५ टक्केच मिळतात, आणि त्यालाही वरची मर्यादा आहे. म्हणजे खर्च वाढायच्या वेळीच आवक कमी. अशा वेळी १०० डॉलर इकडचे तिकडे झाले तरी जाणवतात.

तर चला, हिशोब मांडू या.

आधी ३०० म्हणजे किती ते बघू. अमेरिकन साइटवरचे डॉलर अमेरिकन असतात. १ अमेरिकन डॉलरला १.४० कॅनेडियन धरले (दर रोज हलतो, गणित सोपं व्हावं म्हणून गोल आकडा घेतलाय) तर ३०० चे ४२० झाले. अर्धा फरक इथेच संपला. त्यात पाठवणावळ ४५ अमेरिकन, म्हणजे ६३ कॅनेडियन. आता कार्ड. कॅनडातली बहुतेक क्रेडिट कार्डं परकीय चलनातल्या व्यवहारावर साधारण २.५ टक्के लावतात, तेही विनिमय दरात मिसळून, वेगळी ओळ न दाखवता. ४८३ वर ते झाले १२.०८. काही साइट्स चेकआउटला "कॅनेडियन डॉलरमध्येच पैसे भरा" असा पर्याय देतात. तो सोयीचा वाटतो, पण तिथे दर साइट ठरवते, आणि तो बहुतेक वेळा कार्डाच्या दरापेक्षा वाईट असतो.

मग सीमा. इथे कस्टम्स ड्यूटी लागते. ड्यूटीचा दर वस्तूच्या एचएस कोडवर ठरतो. या कोडचे पहिले सहा आकडे जगभर सारखे असतात, ते जागतिक सीमाशुल्क संघटना ठरवते. पुढचे आकडे प्रत्येक देशाचे स्वतःचे. कॅनडाचा कोड दहा आकडी आहे. बाबागाड्या ८७१५ मध्ये येतात. माझ्या शीटमध्ये मी ड्यूटी ८ टक्के धरली, फक्त गणितासाठी. तुमच्या वस्तूचा दर कॅनडाच्या कस्टम्स टॅरिफमध्ये त्या दिवशीचा बघायचा. ४२० वर ८ टक्के म्हणजे ३३.६०. कॅनडात ड्यूटी वस्तूच्या किमतीवर मोजतात, सीमेपलीकडून इथवरच्या पाठवणावळीवर नाही. भारतात वाहतूक आणि विमा धरून मोजतात, त्यामुळे भारतातल्या अनुभवावरून इथला अंदाज बांधू नका.

त्यानंतर कर. ऑन्टॅरिओत एचएसटी १३ टक्के. तो वस्तूची किंमत अधिक ड्यूटी यावर लागतो, म्हणजे करावर कर. ४५३.६० वर १३ टक्के म्हणजे ५८.९७. शेवटी कुरियर कंपनीची ब्रोकरेज. कस्टम्सची कागदपत्रं आमच्यातर्फे भरली म्हणून घेतलेली फी. मला आलेलं कोटेशन ४५ होतं, त्यावर पुन्हा एचएसटी, मिळून ५०.८५.

बेरीज केली: ६३८.५०. कॅनडातल्या दुकानातली गाडी ५४९ अधिक १३ टक्के, म्हणजे ६२०.३७. स्वस्तातली गाडी १८ डॉलरने महाग पडली.

आता यातल्या ज्या दोन-तीन गोष्टी मला खरंच मजेशीर वाटल्या त्यांच्याकडे जरा सावकाश बघू.

पहिली गोष्ट, मुक्त व्यापार करार. "अमेरिका-कॅनडात करार आहे ना, मग ड्यूटी कसली?" हे मी निदान चार जणांकडून ऐकलंय. करार आहे, इथे त्याला कुस्मा म्हणतात, १ जुलै २०२० पासून लागू आहे. पण कराराची ड्यूटीमाफी माल कुठून पाठवला यावर नाही, कुठे बनला यावर मिळते. बाबागाड्या, पाळणे, उंच खुर्च्या यांतलं बरंच काही चीनमध्ये बनतं. न्यू जर्सीच्या गोदामातून निघालं म्हणून ते अमेरिकन होत नाही. प्रॉडक्ट पेजवर सगळ्यात खाली, बारीक अक्षरात उत्पादनाचा देश लिहिलेला असतो, तो आधी वाचा. २०२५ मध्ये तर हे उलटंही झालं. कॅनडाने ४ मार्चपासून काही अमेरिकन बनावटीच्या मालावर २५ टक्के जादा शुल्क लावलं, आणि १ सप्टेंबरला त्यातलं बरंचसं काढून घेतलं. त्या काळात त्या यादीतल्या वस्तूंसाठी "मेड इन यूएसए" असणंच महागात पडत होतं. म्हणून दर आजचा बघायचा, ग्रुपवरच्या जुन्या मेसेजमधला नाही.

दुसरी गोष्ट मला त्याहून भारी वाटते. त्याच कुस्मामुळे छोट्या पार्सलला वेगळी सूट आहे, पण ती फक्त कुरियरने अमेरिका किंवा मेक्सिकोतून आलेल्या मालाला. ४० कॅनेडियन डॉलरपर्यंत ना ड्यूटी ना कर. ४० ते १५० पर्यंत ड्यूटी नाही, कर मात्र आहे. १५० च्या वर दोन्ही. हेच पार्सल टपालाने आलं तर मर्यादा फक्त २० डॉलर! आणि २० च्या वर कर लागला की कॅनडा पोस्ट तो गोळा करण्यासाठी ९.९५ डॉलर हाताळणी फी घेतं.

म्हणजे बघा, २८ अमेरिकन डॉलरचा बाटल्यांचा सेट, ३९.२० कॅनेडियन. कुरियरने आला तर वर एक पैसा नाही. टपालाने आला तर करच ५.१०, अधिक ९.९५, झाले १५ डॉलर. एकच डबा, एकच विक्रेता, चेकआउटवर फक्त "इकॉनॉमी शिपिंग" असं गोड नाव असलेला पर्याय निवडला म्हणून. अशा नावाखाली पार्सल शेवटच्या टप्प्यात टपालाकडे जाणार का, हे विक्रेत्याला सरळ विचारा. आणि साइट अमेरिकन असली तरी विक्रेता चीनमधून थेट पाठवत असेल, तर ४० आणि १५० चं गणित विसरा. तिथे कुरियरलाही २० चीच मर्यादा आहे.

तिसरी गोष्ट ब्रोकरेजची. चेकआउटला दोन प्रकार असतात. एकात ड्यूटी आणि कर आधीच धरून साइट अंतिम रक्कम दाखवते. व्यापारी भाषेत त्याला डीडीपी म्हणतात. साइट त्यासाठी मागच्या बाजूला एखाद्या सेवेला एचएस कोड, बनावटीचा देश आणि पिनकोड पाठवते आणि रक्कम मागवते. दुसऱ्यात साइट काहीच सांगत नाही, आणि बिल दारात येतं. किंवा नंतर येतं. माझ्या एका मित्राला कुरियर कंपनीचं बिल पार्सलनंतर तीन आठवड्यांनी आलं, तोवर बाळाने त्या झोपाळ्यात झोपायला सुरुवातही केली होती. माझं मत विचाराल तर डीडीपी रक्कम दिसत नसेल तर मोठी वस्तू मागवूच नये.

दारातल्या बिलावर उपाय आहे, पण वेळखाऊ. कुरियरला आधी कळवायचं की कस्टम्स मी स्वतः करणार. त्यांच्याकडून शिपमेंटचे कागद घ्यायचे, सीबीएसएच्या म्हणजे सीमा सेवा संस्थेच्या कार्यालयात जाऊन ड्यूटी-कर भरायचा, आणि पावती कुरियरला दाखवून पार्सल सोडवायचं. ब्रोकरेज वाचते. मात्र कुरियरने आधीच कागद भरले असतील तर उशीर झाला.

पाठवणावळीबद्दल एकच. बाबागाडीचं वजन १२ किलो असलं तरी कुरियर खोक्याचा आकार मोजतो. सेंटिमीटरमधली लांबी, रुंदी आणि उंची गुणून ५००० ने भागायचं. ८० बाय ५० बाय ४० चं खोकं म्हणजे ३२ किलो! तुम्ही हवेचे पैसे देता. लहान मुलांचं सामान बहुतेक असंच, हलकं आणि जागा खाणारं.

"मग गाडी काढून बफेलोला जाऊन घेऊन येऊ" हा पुढचा प्रश्न. टोरोंटोहून दीड-पावणेदोनशे किलोमीटर, सीमेजवळ पार्सल ठेवून घेणारी दुकानंही आहेत. पण आपल्यातल्या अनेकांकडे अजून भारतीय पासपोर्ट आहे. कॅनडाचं पीआर असलं तरी भारतीय पासपोर्टवर अमेरिकेचा व्हिसा लागतोच. तो असेल तरच पुढचं वाचा. त्याच दिवशी परत आलात तर सूट शून्य. २४ तास बाहेर राहिलात तर २०० कॅनेडियन डॉलर, आणि २०१ झाले तर पूर्ण रकमेवर ड्यूटी-कर. ४८ तास राहिलात तर ८००. दोघांची सूट जोडून एक महागडी वस्तू बसवता येत नाही. पण तान्ह्या बाळालाही स्वतःची सूट असते! वस्तू बाळाच्याच वापराच्या असतील तर आई-वडील त्याच्या वतीने जाहीर करू शकतात. अर्थात बाळही तेवढे तास तुमच्याबरोबर बाहेर हवं, म्हणजे हॉटेलचं भाडंही शीटमध्ये घाला.

आता पैशांपलीकडचं. कार सीट अमेरिकेतून मागवूच नका. कॅनडात आणायच्या आणि विकायच्या सीटवर राष्ट्रीय सुरक्षा चिन्ह लागतं, मेपलच्या पानाचा शिक्का असतो तो. हुबेहूब तेच मॉडेल अमेरिकेतलं असलं, तरी शिक्का नसेल तर आयात बेकायदेशीर आहे. हॉस्पिटलमधून बाळाला गाडीने घरी नेताना ही सीट लागणारच, तेव्हा ती इथेच घ्या. शिवाय ऑन्टॅरिओत कार सीट, डायपर आणि लहान मुलांचे कपडे यांवर १३ ऐवजी ५ टक्केच कर आहे, प्रांताचा ८ टक्के हिस्सा दुकानातच वजा होतो. बाबागाडीला ही सवलत नाही, का ते कुणास ठाऊक. उलट बाहेरून मागवलेल्या कपड्यांवर ड्यूटी बहुधा १८ टक्क्यांच्या आसपास जाते, म्हणजे अमेरिकन सेलमधली झबली १५० डॉलरच्या वर गेली की सेल संपला.

परतीचाही खर्च आहे. गाडी आवडली नाही म्हणून परत पाठवली, तर भरलेली ड्यूटी आणि कर सीबीएसएकडे बी-२-जी अर्ज करून मागता येतात, परत पाठवल्याचा पुरावा जोडून. ब्रोकरेज परत येत नाही, आणि जातानाची पाठवणावळ पुन्हा त्या ३२ किलोच्या हिशोबाने. वॉरंटीची अटही वाचा, काही कंपन्या ती विकलेल्या देशापुरतीच देतात.

मग मागवायचं काय? आम्ही एकच वस्तू मागवली. कार सीट बाबागाडीवर बसवायचा छोटा अडॅप्टर, कॅनडात मिळत नव्हता, २६ अमेरिकन डॉलर, कुरियरने, ४० च्या आत. बाबागाडी इथल्याच एका मराठी कुटुंबाकडून वापरलेली घेतली, १८० डॉलरला, वर त्यांनी चहा-पोहे दिले.

राहिला भारतातून येणारा माल. आई सांगलीहून बाळंतविडा पाठवतेय: झबली, टोपरी, दुपटी, आणि पांगुळगाडा पण पाठवू का विचारत होती. नातेवाइकांनी पाठवलेल्या भेटवस्तूला ६० कॅनेडियन डॉलरपर्यंत ड्यूटी आणि कर माफ आहे, वर गेलं तर फक्त वरच्या रकमेवर. पण पार्सलवर ती भेट असल्याचं आणि किंमत स्पष्ट लिहिलेली हवी. दुकानदाराने थेट पाठवलेलं यात बसत नाही, घरच्यांनीच पाठवायला हवं. लाकडी पांगुळगाडा, ज्याला धरून बाळ मागून चालतं, तो चालेल. मात्र मध्ये बसायची झोळी आणि खाली चाकं असलेला गोल वॉकर कॅनडात ७ एप्रिल २००४ पासून बंद आहे, विकायलाही आणि आणायलाही. जुना, वापरलेला असला तरी नाही. जिन्यावरून पडून मुलांच्या डोक्याला मार लागायचा, म्हणून ही बंदी आली. आईला मी दोन्हींचे फोटो पाठवले आणि गोल वॉकरवर लाल फुली मारली. तिचं उत्तर आलं, "तुला तरी कुठे बसवला होता त्यात."