दुवा कुठे उघडावा, हे कोण ठरवते?

वाशीच्या घाऊक बाजारातील पेढ्या असोत, महाप्याच्या औद्योगिक पट्ट्यातील माहिती-तंत्रज्ञान कंपन्या असोत किंवा न्हावा-शेवा बंदराच्या मालवाहतुकीवर चालणारी बेलापूरची कार्यालये असोत, नवी मुंबईतील दैनंदिन व्यवहाराचा मोठा भाग आज ब्राउझर आणि ईमेल या दोन साधनांवर उभा आहे. असे असूनही एखाद्या दुव्यावर क्लिक केल्यावर त्यांपैकी नेमका कोणता प्रोग्रॅम उघडावा, हे बहुतेक वेळा वापरणाऱ्याने ठरवलेले नसते, तर संगणकासोबत आलेल्या कार्यप्रणालीने आधीच ठरवून ठेवलेले असते. या आधीच ठरलेल्या निवडीला ‘डीफॉल्ट’ म्हणतात.

जो लेखनिक रोजचा पत्रव्यवहार ब्राउझरमधील जीमेलवरून करतो, तो एखाद्या शिपिंग कंपनीच्या संकेतस्थळावरील ईमेल पत्त्यावर क्लिक करतो, तेव्हा त्याच्यासमोर अनेकदा आउटलुकची अनोळखी खिडकी उघडते आणि खाते जोडण्यास सांगते. संकेतस्थळ बिघडले असावे, असे समजून तो पत्ता कागदावर उतरवून घेतो, आणि त्यात एक अक्षर जरी चुकले तरी पत्र परत येते. वास्तविक बिघाड कुठेच झालेला नसतो. संकेतस्थळाच्या दुव्याआधी ‘एचटीटीपीएस’, तर ईमेलच्या दुव्याआधी ‘मेलटू’ असा उपसर्ग असतो, आणि कोणत्या उपसर्गासाठी कोणता प्रोग्रॅम उघडायचा याची नोंद कार्यप्रणाली स्वतःकडे ठेवते. म्हणूनच ब्राउझर बदलला तरी ईमेलची नोंद आपोआप बदलतेच असे नाही, ही बाब बहुतेकांच्या ध्यानात येत नाही.

या नोंदीला मोठे व्यापारी मोल आहे, कारण जे आधीपासून ठरलेले असते ते फार थोडे लोक बदलतात. मायक्रोसॉफ्टने इंटरनेट एक्सप्लोरर विंडोजशी जखडून नेटस्केपसारख्या स्पर्धकांची वाट अडवली, या आरोपावरून अमेरिकी सरकारने मे १९९८ मध्ये खटला भरला. त्याच्या तडजोडीनुसार २००२ मध्ये विंडोज एक्सपीच्या पहिल्या सर्व्हिस पॅकमध्ये ब्राउझर आणि ईमेल प्रोग्रॅम निवडण्याची स्वतंत्र सोय द्यावी लागली. युरोपात मायक्रोसॉफ्टने ब्राउझर-निवडीचा पडदा दाखवण्याचे वचन दिले होते. ते न पाळल्याबद्दल युरोपीय आयोगाने मार्च २०१३ मध्ये तिला ५६.१ कोटी युरोंचा दंड केला. भारतात हा वाद मोबाइलच्या संदर्भात उभा राहिला. स्पर्धा आयोगाने २० ऑक्टोबर २०२२ रोजी गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड ठोठावताना, फोन प्रथम सुरू करतानाच ग्राहकाला डीफॉल्ट शोधयंत्र निवडता आले पाहिजे, असा आदेश दिला. अपील न्यायाधिकरणाने मार्च २०२३ मध्ये काही निर्देश रद्द केले, तरी दंड कायम ठेवला.

खटले झाले म्हणून अडचण संपली, असे मात्र नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये आलेल्या विंडोज ११ मध्ये ब्राउझर बदलण्यासाठी प्रत्येक फाइलप्रकार आणि उपसर्ग वेगवेगळा बदलावा लागत असे, आणि टीकेनंतर २०२२ च्या मार्चमध्ये एकाच बटणाची सोय झाली. आज या प्रणालीत ‘सेटिंग्ज’मधील ‘अॅप्स’ आणि त्यातील ‘डीफॉल्ट अॅप्स’ येथे हवा तो ब्राउझर निवडून ते बटण दाबता येते. ईमेलसाठी मात्र त्याच पानावरील शोधचौकटीत ‘मेलटू’ हा उपसर्ग रोमन लिपीत टाइप करून त्यापुढचा प्रोग्रॅम बदलावा लागतो. क्रोममधून जीमेल वापरणाऱ्याने तिथे क्रोमची निवड करावी आणि जीमेल उघडल्यावर ईमेलचे दुवे हाताळण्याची परवानगी मागितली गेल्यास ती द्यावी, कारण या दोन्ही गोष्टी झाल्याशिवाय पत्राची चौकट जीमेलमध्ये उघडत नाही. अॅपलच्या संगणकावर डीफॉल्ट ब्राउझर ‘सिस्टिम सेटिंग्ज’मध्ये बदलतो, तर ईमेलचा पर्याय ‘मेल’ या अॅपच्याच सेटिंगमध्ये ठेवलेला आहे. ही मांडणी गैरसोयीची आहे, असेच म्हणावे लागते.

कार्यालयात नवा संगणक आला की पहिल्याच दिवशी या दोन्ही नोंदी तपासाव्यात, आणि मोठ्या अद्ययावतीकरणानंतर त्या पुन्हा एकदा पाहून घ्याव्यात. या कामाला पाच मिनिटांहून अधिक वेळ लागत नाही.