कोच बदलला म्हणून संघ सुधारला?

अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलचा हंगाम मार्चमध्ये संपत आला की हरलेल्या संघांचे चाहते एकच मागणी लावून धरतात: कोचला हाकला, संघ सुधारेल. पुरावा म्हणून दरवर्षी एखादा संघ दाखवला जातो, ज्याने कोच बदलला आणि पुढच्या हंगामात जास्त सामने जिंकले.

हा पुरावाच नव्हे. कोचची हकालपट्टी होते ती बहुधा सर्वांत वाईट हंगामानंतर. त्यात दुखापती असतात, एकदोन गुणांनी हातचे गेलेले सामने असतात. असं दुर्दैव सहसा सलग दोन वर्षं टिकत नाही, म्हणजे जुना कोच ठेवला असता तरी विजय थोडे वाढलेच असते. ताप उतरायच्या आदल्या दिवशी डॉक्टर बदलावा आणि श्रेय नव्याला द्यावं, तसं हे आहे. तुलना करायची ती तितक्याच वाईट खेळलेल्या, पण कोच न बदललेल्या संघांशी. कॉलेज फुटबॉलबाबत ॲडलर, बेरी आणि डोहर्टी यांनी नेमकी तशी तुलना केली ('सोशल सायन्स क्वार्टरली', २०१३). तळाच्या संघांना बदलाचा फारसा लाभ झालेला नव्हता. मधल्या फळीतले संघ तर कोच न बदलणाऱ्यांच्याही मागे पडले. खेळ वेगळा आहे, पण तुलनेची ही रीत बास्केटबॉललाही तितकीच लागू पडते.

मग मिशिगन विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघाचं काय? २०२३-२४ मध्ये ८ विजय, २४ पराभव. नवे कोच डस्टी मे आले आणि पुढच्याच हंगामात २७ विजय, १० पराभव. मे उत्तम कोच आहेतच. पण त्याच वेळी गोल्डिन हा खेळाडू फ्लोरिडा अटलांटिकहून आणि वुल्फ येलहून आला, हे का विसरायचं? आता खेळाडू सहज कॉलेज बदलू शकतात, त्यामुळे कोचबरोबर अख्खा संघच बदलतो.

कोचबद्दलचे बाकीचे ठोकताळेही असेच कच्चे आहेत. 'कोच कसा आहे ते दोनतीन वर्षांत कळतंच.' ड्यूक विद्यापीठात कोच शशेव्स्कींचा दुसरा हंगाम १० विजय, १७ पराभव आणि तिसरा ११ विजय, १७ पराभव असा गेला. चाहत्यांचा रोष असूनही त्यांना ठेवलं, आणि पुढे पाच विजेतेपदं आली. 'ऐनवेळी कोच गेला की संघ बुडतो.' १९८९ मध्ये मिशिगनने हंगामाअखेरच्या राष्ट्रीय स्पर्धेच्या तोंडावर हंगामी कोच नेमला आणि स्पर्धा जिंकली. 'पहिल्या वर्षीचं यश टिकतं.' नवे कोच ह्यूबर्ट डेव्हिस यांचा नॉर्थ कॅरोलायना संघ २०२२ मध्ये त्याच स्पर्धेच्या अंतिम सामन्यात होता, २०२३ मध्ये स्पर्धेतच नव्हता.

पुढच्या वेळी कोणी नव्या कोचचे आकडे दाखवले, तर आधी दोन गोष्टी विचारा: संघात जुने खेळाडू किती उरलेत, आणि कोच न बदललेल्या तशाच संघांचं काय झालं?