अरण्यवाटेवरील दोन फटफट्या

भात शिजला कीं नाहीं हें सुगृहिणी एका शितावरून ओळखते. शास्त्रकारांनीं यासच स्थालीपुलाकन्याय असें नांव दिलें आहे. परंतु हा न्याय सर्वच वस्तूंस लागू पडत नाहीं, याचा प्रत्यय आम्हांस गेल्या माघ महिन्यांत एका फटफटीनें आणून दिला.

त्याचें असें झालें. आमच्या धाकट्या पुतण्याची नेमणूक गडचिरोली जिल्ह्यांतील भामरागड तालुक्यांत गुरांचा डॉक्टर म्हणून झाली. खेडोपाडीं हिंडण्यासाठीं त्यानें मनांत धरली ती रॉयल एन्फील्डची 'हिमालयन'. वहिनींचा तिला सक्त विरोध. घरांत दोन तट पडले व निवाडा आमच्याकडे आला. कारण त्याच बाजूच्या शाळांत आमचीं एकवीस वर्षें गेलीं, आणि १९९८ सालीं घेतलेली आमची हीरो होंडा स्प्लेंडर अद्यापि पडवींत उभी आहे. वहिनींनीं विचारलें तें एवढेंच : "भावोजी, रानांत ती आडवी झाली तर एकट्या पोराला उचलेल का?"

खरें सांगावयाचें तर आमचा कौल आधींच ठरलेला होता. ज्या वाटा आम्हीं शंभर सी.सी.च्या गाडीवर तुडविल्या, त्यांना साडेचारशें सी.सी. हवी कशाला?

हा प्रकार तसा फार जुना नाहीं. १९८० सालीं जर्मनीच्या बी.एम.डब्ल्यू. कंपनीनें 'आर ८० जी/एस' नांवाची गाडी काढली. त्यांतील 'जी' म्हणजे रानोमाळ भूमि, व 'एस' म्हणजे पक्का रस्ता. दोहोंवर चालणारी ती ही. पुढच्याच वर्षीं वाळवंटांतून जाणारी पॅरिस-डाकार शर्यत त्या कंपनीच्या गाडीनें जिंकली, आणि जगभर या जातीच्या गाड्या निघूं लागल्या. आपल्याकडे 'हिमालयन' २०१६ सालीं आली, ४५२ सी.सी.चें पाण्यानें थंड होणारें नवें इंजिन तिला मिळालें तें २०२३ सालीं.

चंद्रपुरांतील दुकानदारानें आम्हांस सिमेंटच्या गुळगुळीत रस्त्यावर दोन किलोमीटर फिरूं दिलें. शीत उत्तम शिजलें होतें! परंतु पुतण्याला जावयाचें होतें तें सिमेंटवरून नव्हे. म्हणून त्याच्या एका मित्राची तीच गाडी दोन दिवसांकरितां मागून घेतली, आणि काका-पुतणे दोन फटफट्यांवर बल्लारपूर, गोंडपिंपरी, आष्टी या मार्गानें आलापल्लीस निघालों. वाटेंत आळीपाळीनें गाड्या बदलावयाच्या असें ठरलें.

पक्क्या रस्त्यावर नव्या गाडीची चाळीस अश्वशक्ति आम्हांस अनाठायीं वाटली. आमच्या गाडीची जेमतेम आठ. पण लिटरभर पेट्रोलांत ती साठांवर किलोमीटर जाते, हिला तिसांच्या घरांतच तहान लागते. आष्टीपर्यंत आम्ही मनांतल्या मनांत खूष होतों.

आलापल्लीच्या पुढें सागवनांत, सडक सोडून आंतल्या वाटेस लागलों, तेव्हां आमच्या आनंदास ओहोटी लागली. माघांत सागाचीं पानें गळतात आणि सुपाएवढ्या वाळक्या पानांखालीं धोंडा आहे कीं खड्डा, हें कळत नाहीं. नव्या गाडीचें पुढचें चाक २१ इंचांचें, आमचें १८ इंचांचें. वर्तुळ जितकें मोठें तितकें तें अडथळ्यावर सौम्य कोनानें चढतें. बैलगाडीचें चाक मोठें असतें त्याचें एक कारण हेंच. शिवाय त्या चाकाला वर-खालीं होण्यास २०० मिलिमीटर वाव. पावदानांवर उभें राहून चालविलें कीं गाडी खालीं नाचते आणि स्वार स्थिर राहतो. आमच्या गाडीवर तो सारा नाच कमरेनें करावा लागतो. आमच्या कमरेनें तो वर्षानुवर्षें केला, आणि त्याचें व्याज वैद्यांस आम्ही अजून देत आहों.

एका वळणावर अकस्मात् गुरांचा कळप आडवा आला. त्या वेळीं आम्ही नव्या गाडीवर होतों. ब्रेक सर्व बळानें दाबला. चाक जखडूं न देणारी योजना तींत असल्यानें ती मुरमावर न घसरतां सरळ रेषेंत उभी राहिली. आम्ही मात्र बराच वेळ हललों नाहीं. २००४ सालीं अशाच एका वळणावर, अशाच गुरांपुढें, आमच्या स्प्लेंडरचें चाक जखडलें होतें. गळपट्टीचें हाड मोडून आम्ही दोन प्रहर तेथें पडून होतों. एका माडिया गृहस्थानें बैलगाडींत घालून नेलें म्हणून वांचलों. ही गोष्ट घरीं आम्हीं नेहमीं शौर्यकथा म्हणून सांगितली. त्या दिवशीं प्रथमच ती आम्हांस निराळी दिसली.

आतां वहिनींचा प्रश्न. नाल्याच्या वाळूंत पुतण्याचें पुढचें चाक रुतलें आणि गाडी आडवी झाली. तिचें वजन १९६ किलो. आमचीचें सुमारें ११०. आम्हीं हात लावून पाहिला. ती तसूभर हलली नाहीं. पुतण्याही दोनदां हरला. तिसऱ्यानें त्यानें गाडीकडे पाठ केली, आसनाला कंबर टेकविली, एका हातानें मुठीला व दुसऱ्यानें मागच्या कठड्याला धरून पायांच्या बळावर मागें रेटा दिला, आणि ती उठली. बळापेक्षां युक्ति श्रेष्ठ, हें वर्गांत आम्ही शिकवीत असूं, तेथें शिकलों.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. आलापल्लीच्या मिस्त्रीनें आमची गाडी पाहून म्हटलें, "गुरुजी, हिचा कार्ब्युरेटर मी डोळे मिटून खोलीन." नव्या गाडीकडे पाहून तो नुसता हंसला. तिच्या पोटांत इलेक्ट्रॉनिक यंत्रणा आहे. ती बिघडली तर चंद्रपूर गांठावें लागणार.

घरीं येऊन आम्हीं निवाडा दिला. आपण हाल सोसले म्हणून पुढच्या पिढीनेंही सोसावे, हा न्याय नव्हे. तो केवळ म्हाताऱ्याचा हट्ट. गाडी घ्यावी. मात्र तीन अटी : चाकाचें पंक्चर स्वतः काढतां आलें पाहिजे, दिवस मावळल्यावर रानांत गाडी चालवूं नये, कारण वाघ-अस्वलें पूर्वींपासून आहेतच, आणि २०२१ पासून छत्तीसगडाकडून रानहत्तीही जिल्ह्यांत आले आहेत, आणि रपट्यावरून पाणी वाहत असेल तर अलीकडेच थांबावें. पर्लकोटेच्या पुरानें भामरागडचा संपर्क तुटलेला आम्हीं कितीदां पाहिला आहे. तेथें चाळीस अश्वशक्ति आणि आठ अश्वशक्ति, दोघींनीं सारखेंच हात जोडावयाचे असतात.

वहिनींनीं चौथी अट घातली. फाल्गुनांत नवी गाडी दारीं आली, कुंकू लागलें, आणि लगेच अंगणांत पोतीं अंथरून ती त्यांच्या देखत तीन वेळां आडवी करण्यांत आली. तिन्ही वेळां पुतण्यानें ती एकट्यानें उभी केली. मग वहिनी आंत गेल्या आणि त्यांनीं प्रवासाच्या दशम्यांचें पीठ मळावयास घेतलें.